पाहुणा कंडक्टर आणि चार दिवसांची तालीम

१९५६ च्या अखेरीस व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका मुंबईकर मुलानं आठवड्याभरात आपल्याच सोबत्यांचा वाद्यवृंद उभा केला. शेजारच्या हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. सीमा ओलांडून दीड लाखाहून जास्त माणसं ऑस्ट्रियात आली होती. शहराबाहेरच्या एका निर्वासित छावणीत जाऊन ही पोरं वाजवून आली. वाजवणारे विद्यार्थी होते आणि समोर काठी घेऊन उभा राहिलेलाही विद्यार्थीच होता. त्याचं नाव झुबिन मेहता.

त्याच वर्षांतली दुसरी हकिकत मला जास्त महत्त्वाची वाटते. व्हिएन्नात तेव्हा ब्रुनो वॉल्टर, कारायान असे दिग्गज येत. पण त्यांच्या तालमींना बाहेरच्यांना दार बंद असे. मेहता आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अब्बाडो यांनी मग एक वाट शोधली. दोघंही गायकवृंदात भरती झाले. खर्जात गायचं आणि समोरचा माणूस वाद्यवृंद कसा घडवतो ते डोळे भरून बघायचं, हा त्यांचा उद्योग. मैफल तिकीट काढून कुणालाही ऐकता येते. स्वर जुळवणं, थांबवणं, पुन्हा घेणं, एखादी जागा दहादा घासणं हे सगळं तालमीत घडतं, आणि शिकणाऱ्याला हवं असतं ते तिथंच.

पाहुणा कंडक्टर विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडे येतो तेव्हा तो नेमकं हेच घेऊन येतो. जगभरची संगीत महाविद्यालयं आणि युवा वाद्यवृंद वर्षातून एक-दोनदा अशा पाहुण्याला बोलावतात. तीन दिवस, चार दिवस, फार तर आठवडा. शेवटी मैफल होते, फोटो निघतात, पाहुणा विमानतळावर जातो. आपल्याकडे असा प्रसंग क्वचित येतो, आणि आला की सगळी धावपळ त्या शेवटच्या संध्याकाळसाठी चालते. माझं म्हणणं असं की पाहुण्याला बोलवायचं ते तालमींसाठी. मैफल झाली तर उत्तम, पण ती गौण.

पहिल्या तालमीत काय होतं ते जवळून पाहिलं तर हे पटेल. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या. तिचे पहिले चार स्वर संगीताशी ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही ठाऊक असतात. तीन छोटे, एक लांब. ऐकायला सोपे. पण लिहिलेल्या कागदावर ते तीन स्वर सुरू होण्याआधी एक बारीक विराम आहे. म्हणजे कंडक्टरचा हात खाली येतो त्या क्षणी कुणीही काही वाजवायचं नाही, आणि लगेच पुढच्या क्षणी सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं. बीथोव्हेननं दिलेल्या गतीनं तो विराम जेमतेम ०.१४ सेकंदाचा आहे. समेवर न येता मात्रेच्या पोटातून तिहाई उचलायला सांगितली की तबल्याच्या विद्यार्थ्याची जी तारांबळ उडते, तीच इथं पन्नास-साठ जणांची एकदम उडते.

विद्यार्थी इथं दोन प्रकारे चुकतात. कुणीतरी हाताबरोबरच वाजवून बसतं. मग बाकीचे घाबरून उशिरा येतात आणि सुरुवात फाटते. दुसरी चूक बारीक असते. तीन स्वर एका मात्रेत समान वाटले जातात, पहिल्यावर जोर पडतो आणि त्यांची चाल डुलकी लागल्यासारखी गोल होते. घरच्या शिक्षकानं दोन्ही गोष्टी महिनाभर सांगितलेल्या असतात. पाहुणा कसलेला असेल तर तो सांगत बसत नाही. तो पूर्वसूचनेचा एकच हात देतो. त्या हातात गती, जोर, धनुकलीनं तार कशी धरायची, सगळंच असावं लागतं. हात वर जाताना तो श्वास घेतो, आणि समोरचे सगळे नकळत त्याच्याबरोबर श्वास घेतात. श्वास एक झाला की सुरुवात एक होते. नाही झाली तर तो पुन्हा घेतो. आणि पुन्हा. शब्द न वापरता.

मी पुण्यात मार्केट यार्डाच्या परिसरात राहतो, म्हणून मला इथं बाजार समित्यांमधल्या जुन्या हत्ता पद्धतीची आठवण होते. रुमालाखाली दोन हात एकमेकांत जायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. बाजूला उभ्या शेतकऱ्याला काही कळायचं नाही. कंडक्टरची हाताची भाषाही तितकीच नेमकी आणि मुकी असते, पण ती वापरायची पद्धत अगदी उलटी. शेवटच्या खुर्चीवरच्या मुलालाही ती पहिल्या खुर्चीइतकीच स्वच्छ दिसली पाहिजे. विद्यार्थ्यांसमोर उभं राहताना तर फारच. मुरलेले वादक गढूळ हातातूनही अर्थ काढून घेतात आणि वेळ मारून नेतात. मुलं तसं करू शकत नाहीत. हात जसा असेल तसंच ती वाजवतात. म्हणून विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद ही कंडक्टरचीही परीक्षा असते.

डोळ्यांवर भरवसा ठेवायला शिकवणं हे पाहुण्याचं दुसरं मोठं काम. यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. रंगमंचावर पुढच्या व्हायोलिनपासून मागच्या टिंपनीपर्यंत १५ मीटर अंतर असेल, तर व्हायोलिनचा स्वर मागे पोचायला सुमारे ०.०४ सेकंद लागतात. मागचा मुलगा तो ऐकून वाजवू लागला तर त्याचा ठोका पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच वेळ जातो. प्रेक्षकांना दोन्हींत जवळजवळ दशांश सेकंदाचा फरक ऐकू येतो, आणि तो कानाला खुपतो. प्रकाशाला मात्र हे अंतर काहीच नाही. काठी सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. मागच्या रांगेतल्या वादकाला म्हणून स्वतःच्या कानाला खोटं पाडून हाताबरोबर वाजवावं लागतं. त्याला ते कायम ‘जरा लवकर’ वाजवल्यासारखं वाटतं. घरचा शिक्षक छोट्या खोलीत तालीम घेतो, तिथं हा प्रश्न उद्भवतच नाही. मोठ्या सभागृहात पहिल्यांदा बसल्यावर मुलं गोंधळतात.

पुणेकरांना हे समजावून सांगायला खरं तर वाद्यवृंदाची गरज नाही. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या कुणालाही हा अनुभव असतो. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या आवारातून वाढलेली पथकं ही आपल्याकडची विद्यार्थ्यांच्या सामूहिक वादनाची सगळ्यात मोठी परंपरा आहे, आणि संगीतावर लिहिणारे तिच्याकडे पुरेसं लक्ष देत नाहीत याची मला खंत वाटते. लक्ष्मी रस्त्यावर पथकाच्या रांगा शंभर फूट पसरल्या की पहिल्या आणि शेवटच्या ढोलात आवाजाच्या हिशेबानं जवळजवळ ०.०९ सेकंदाचं अंतर पडतं. ताशावाला पुढे तर्री धरतो, पण हात बदलायचा इशारा मध्ये उभा राहिलेला माणूस दोन्ही हात उंचावून देतो, कारण त्या गदारोळात आणि त्या अंतरात कानावर विसंबलं तर मागचे ढोल मागेच राहतील. ज्या मुलानं दोन गणपतीत पथकात ढोल बांधलाय, त्याला व्हायोलिनच्या मागच्या खुर्चीत बसवलं तर काठीकडे बघायला त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पाहुणा आणि घरचा शिक्षक यांचं नातं नाजूक असतं. घरच्याचा आवाज मुलांच्या कानाला इतका सवयीचा झालेला असतो की ‘दुसरी व्हायोलिन्स, ऐका एकमेकांना’ हे वाक्य ऐकूनही त्यांना ऐकू येत नाही. तेच वाक्य पाहुण्यानं म्हटलं की सगळ्यांची मान वर. यात घरच्या शिक्षकाचा कमीपणा नाही, उलट त्यानं वर्षभर पेरलेलं असतं म्हणून ते चार दिवसांत उगवतं. पण पाहुणा बेफिकीर असेल तर नुकसानही करतो. धनुकली खाली ओढायची की वर, हे प्रत्येक ओळीत ठरलेलं असतं आणि मुलांनी ते पेन्सिलीनं कागदावर लिहून हातात बसवलेलं असतं. पाहुण्यानं येताच पहिल्या दिवशी सगळं बदललं तर मुलं पुढचे तीन दिवस हाताच्या हालचालीच मोजत बसतात, संगीत राहून जातं. चांगला पाहुणा आधी सबंध भाग न थांबता वाजवून घेतो, ऐकतो, आणि मग ठरवतो की चार दिवसांत कुठल्या तीन-चार गोष्टी धरायच्या. बाकीच्या सोडून देण्याचं धैर्य त्याच्यात असावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. मैफल चांगली व्हावी म्हणून शेवटच्या दिवशी बाहेरचे व्यावसायिक वादक मागवून विद्यार्थ्यांच्या मध्ये बसवतात. आवाज भरीव होतो, पालक खूश होतात. पण ज्या मुलीनं ती ओळ तीन महिने घासली, ती आता शेजाऱ्याच्या आवाजाखाली झाकली जाते, आणि ते तिला पक्कं कळतं.

तालमीच्या बाजूनं जगातली काही मोठी माणसं आयुष्याच्या उत्तरार्धात किती ठाम उभी राहिली ते पाहण्यासारखं आहे. रुमानियात जन्मलेला सर्जिउ चेलिबिडाके तालमींच्या संख्येवरून व्यावसायिक वाद्यवृंदांशी भांडण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्यांना दोन-तीन तालमी पुरत, त्याला कितीतरी जास्त हव्या असत. अमेरिकेत तो पहिल्यांदा उभा राहिला तो १९८४ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि समोर फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांकडे वेळ असतो, त्याला हवी तितकी तालीम मिळाली, आणि त्या मैफलीबद्दल लोक अजून बोलतात. लिओनार्ड बर्नस्टाइननं १९९० च्या उन्हाळ्यात जपानमधल्या सप्पोरो इथं पॅसिफिक म्युझिक फेस्टिव्हल सुरू केला. तेव्हा तो आजारी होता. तिथं त्यानं वेगवेगळ्या देशांतून आलेल्या तरुण वादकांकडून शूमानची दुसरी सिंफनी करून घेतली. त्या तालमींचं चित्रीकरण उपलब्ध आहे. मैफलीपेक्षा ते आधी पाहावं असं मी म्हणेन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. उरलेला वेळ तरुणांना शिकवण्यात घालवायचा असं त्यानं सप्पोरोत जाहीर सांगितलं होतं.

गायकवृंदात लपून तालमी पाहणारा अब्बाडो तर या कामात आणखी पुढे गेला. १९७६ साली स्थापन झालेल्या युरोपीय समुदायाच्या युवा वाद्यवृंदाचा तो पहिला संगीत संचालक झाला. १९८६ मध्ये त्यानं गुस्टाव्ह मालर युवा वाद्यवृंद उभा केला. आणि उतारवयात व्हेनेझुएलाला जाऊन तिथल्या गरीब वस्त्यांतून आलेल्या मुलांबरोबर काम केलं. व्हेनेझुएलातली ती चळवळ होजे आंतोनिओ आब्रेउ यांनी १९७५ मध्ये सुरू केली, आणि तिची सगळी मांडणीच अशी की मूल वाद्य नीट धरायला शिकलं की लगेच वाद्यवृंदात बसतं. एकट्यानं पारंगत होऊन मग इतरांत जायचं, असं नाही.

मेहता घराण्यात घरचा आणि पाहुणा, दोन्ही भूमिका दिसतात. झुबिनचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. १९४५ मध्ये, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गालामियान यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी झाले. परत आले, मग इंग्लंडमध्ये जॉन बार्बिरोली यांच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि अखेर अमेरिकेत स्थिरावले. लॉस एंजेलिसमध्ये १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली आणि नव्वदीला टेकेपर्यंत, १९९८ पर्यंत, ते तिचे संचालक राहिले. मुलगा जगभर पाहुणा म्हणून फिरत असताना बाप एका जागी बसून दरवर्षी नव्या पोरांची नवी फळी तयार करत होता. मुंबईत वडिलांच्या तालमींना सोळाव्या वर्षी झुबिनही अधूनमधून उभे राहत, हे लक्षात घेतलं की व्हिएन्नाची ती छावणी अचानक उगवलेली वाटत नाही.

आज महाराष्ट्रात या गोष्टीला सगळ्यात जवळची जागा मुंबईत नरिमन पॉइंटला आहे. तिथल्या एनसीपीए या कलासंस्थेचे खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मराट बिसेंगालिएव्ह यांनी २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभारला. सुरुवातीला वादक बहुतेक परदेशी, बरेचसे कझाकस्तानातले. भारतीय मोजके, आणि ही टीका तेव्हापासून होत आली आहे. २०१२ मध्ये तिथंच संगीत अकादमी सुरू झाली आणि वाद्यवृंदातलेच वादक मुलांना शिकवू लागले. मला हे उत्तर योग्य वाटतं, वेळ लागणार असला तरी. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता पहिल्यांदा याच वाद्यवृंदापुढे उभे राहिले, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. अकादमीतल्या मुलांना अशा वेळी सभागृहाच्या मागच्या रांगेत वही घेऊन बसायला मिळालं, तर ते वर्षभराच्या तासांच्या तोडीचं शिक्षण ठरेल.

गोव्याची गोष्ट जुनी आणि वेगळी. पोर्तुगीज काळात चर्चच्या पाठशाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या पायावर गोव्यानं मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादक आणि संयोजक पुरवले: सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. ‘लक्ष्मीकांत-प्यारेलाल’मधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं ते गोन्साल्विस यांनीच. १९५२ मध्ये पणजीत आंतोनिओ द फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली. आणि २००९ पासून डॉ. लुईस डायस यांची चाइल्ड्स प्ले ही संस्था गोव्यातल्या वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो, बासरी शिकवते. परदेशातले वादक तिथं येऊन मुलांबरोबर बसतात, शिकवतात. हा पाहुणचार लहान आहे, पण त्याला वर्षभराच्या रोजच्या तासांचा आधार आहे.

पुण्याचं काय? कॅम्पात पूना म्युझिक सोसायटी आहे, मझदा हॉल आहे, लंडनच्या परीक्षा मंडळांच्या परीक्षा देणारी पियानो आणि व्हायोलिनची मुलं शहरभर आहेत. बिबवेवाडी, मार्केट यार्डाकडूनही पाठीला व्हायोलिनची पेटी लावून मुलं कॅम्पात तासाला जाताना दिसतात. पण ही बहुतेक मुलं एकेकटी शिकतात, एकेकटी परीक्षा देतात. अख्खा वाद्यवृंद उभा करायचा तर ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न हवेत, आणि ही वाद्यं शिकवणारं माणूस शहरात सापडणं मुश्किल. व्हिओला धरणारंसुद्धा पटकन मिळत नाही; सगळ्यांना व्हायोलिनच हवं असतं. त्यात आपलं हवामान. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, धनुकलीचे केस सैल पडतात. ए ४४० ला लावलेली तार मध्यंतरापर्यंत कुठल्या कुठे गेलेली असते.

म्हणून पुण्यात पाहुणा बोलवायचा तर बीथोव्हेनच्या पाचवीच्या मागे लागू नये. पंधरा-वीस तंतुवाद्यं घ्यावीत आणि गुस्टाव्ह होल्स्टचा ‘सेंट पॉल्स सूट’ काढावा. होल्स्ट लंडनच्या एका मुलींच्या शाळेत १९०५ पासून मरेपर्यंत संगीतशिक्षक होता, आणि ही रचना त्यानं त्या शाळेच्या वाद्यवृंदासाठीच लिहिली. तो संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं त्यानं स्वतः करून त्यांना संगीत दिलं, महाभारतातल्या सावित्रीवर छोटी संगीतिका लिहिली. पुण्यात त्याचं स्वागत व्हायला हरकत नसावी. सूटमध्ये चार भाग आहेत, सगळा मिळून पाव तासाच्या आतला. दुसऱ्या भागात दुसरी व्हायोलिन्स तेच चार स्वर पुन्हा पुन्हा फिरवत राहतात, आणि वरची चाल त्यांच्यावरून वेगळ्याच वळणानं जाते. नवशिक्या मुलांना तो भाग येतो, पण एकमेकांना ऐकलं नाही तर तिसऱ्या ओळीत गाडा घसरतो. शेवटच्या भागात दोन जुन्या इंग्रजी चाली एकमेकींवर बसवल्या आहेत, एक धावती, एक संथ, आणि दोन्ही एकाच वेळी स्वच्छ ऐकू यायला हव्यात. चार दिवसांत धरायला एवढं पुष्कळ झालं.

पाहुण्यानं येण्याआधी दोन महिने घरच्या शिक्षकानं धनुकलीच्या खुणा पाठवाव्यात, पाहुण्यानं त्या बघून होकार द्यावा, म्हणजे पहिला दिवस खोडरबरात जाणार नाही. मझदा हॉलमध्ये चारही दिवस तालीम घ्यावी, शेवटच्या दिवशीच सभागृह मिळालं असं होऊ नये. दारं उघडी ठेवावीत. शहरातल्या हार्मोनियमच्या, सतारीच्या, तबल्याच्या विद्यार्थ्यांना, पथकांतल्या ताशावाल्यांना बोलवावं, गंधर्व महाविद्यालयापासून ललित कला केंद्रापर्यंत निरोप जावा. मध्यंतरात त्यांनी प्रश्न विचारावेत. आणि पाचव्या दिवशी मैफल ठेवलीच, तर पहिला आणि शेवटचा भाग पाहुण्यानं करावा, मधले दोन भाग घरच्या शिक्षकाकडे सोपवावेत, पाहुण्यानं तेवढा वेळ श्रोत्यांत बसून ऐकावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडण्याआधी त्या दोन भागांवर मुलांशी अर्धा तास बोलावं.